खळ्यातले रंग

आमच्या वाडीत फूल म्हणजे वासाचं. वास नसलेलं फूल देवाच्या पाटावर चालायचं, दसऱ्याला दारावर चालायचं, पण त्याच्यासाठी विहिरीचं पाणी शेंदायचं म्हणजे वेडेपणा, असं सगळ्यांचंच मत होतं. सुरंगीचा बहर आला की बायका उजाडायच्या आत कळ्या काढायला निघायच्या, त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, ओवायच्या, आणि मग दिवसभर त्या ज्या वाटेनं गेल्या ती वाट वासावरून ओळखू यायची. मोगऱ्याला तांदूळ धुतलेलं पाणी मिळायचं, अनंताला शेणाचा काला मिळायचा. बाकी झाडांनी आपापलं बघावं. त्यामुळे ज्या उन्हाळ्यात आमच्या घरापुढे पिवळी, शेंदरी, लालभडक आणि राणी रंगाची फुलं फुलली, आणि त्यातल्या एकालाही वास नव्हता, त्या उन्हाळ्यात आमच्याविषयी वाडीत बरंच बोललं गेलं. त्याबद्दल लिहायचं मी फार वर्षं पुढे ढकलत आले. आता बाबांचं तेव्हा जे वय होतं त्याच्या कितीतरी पुढे मी आले आहे, आणि ज्यांना हे वाचून वाईट वाटेल ती माणसंही उरलेली नाहीत.

मालगुंडच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे आमची वाडी. घर जांभ्या चिऱ्यांचं, पुढे पडवी, आणि पडवीपुढे शेणानं सारवलेलं मोठं खळं. दुसरीकडे त्याला अंगण म्हणतात. पावसाळा संपला की खळं माझ्या आयेच्या ताब्यात जायचं. ती मासळी सुकवायची. बांगडे पोट फाडून, मीठ लावून माडाच्या विणलेल्या झापांवर पसरलेले असायचे, जवळ्याचा पातळ थर चटयांवर, आणि कडेच्या दोरीवर मांदेलीच्या माळा. शाळेतून येताना घर दिसण्याच्या आधी त्याचा वास यायचा. मैत्रिणींना तो आवडत नसे. मला मात्र तो पोटात भूक पेटवणारा वाटायचा, कारण घरात गेलं की चुलीवर गरम पेज असायची आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, सोबत कैरीची फोड. आये दिवसभर खळ्याच्या कडेला बसून एका डब्यात दगड घालून तो खुळखुळवत असे, कावळ्यांसाठी. तिच्या हाताला दुसरं काम लागलं की डबा माझ्याकडे यायचा. अजून कुठे रिकामा डबा वाजला तर माझा हात आपोआप उठतो.

बाबा बोटीवर होते. आमच्याकडे बोटीवर म्हणजे मासेमारीच्या होडीवर नव्हे, मालवाहू जहाजावर. ते खलाशी होते, आणि वर्षातले बरेचसे महिने आमच्यासाठी बाबा म्हणजे पडवीतल्या खुंटीवरची टोपी. ते यायचे तेव्हा घर भरून जायचं. परदेशी साबणाच्या वड्या, डबाबंद बिस्किटं, आयेसाठी नायलॉनची साडी, जी ती कधीच नेसायची नाही. आणि त्यांच्या गोष्टी. कुठल्याशा बंदरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्याखिडक्यांतून लाल फुलं लोंबत असतात, कुठे एका बाईनं एवढ्याशा गच्चीत सारं रान उभं केलेलं असतं. हे सांगताना ते हातांनी फुलांचे आकार दाखवायचे. आये ऐकत असायची, आणि शेवटी विचारायची की त्यांना वास होता का. बाबांना कधी आठवत नसे.

त्या वर्षी ते दिवाळीनंतर आले, अवेळीच, आणि पेटीत साबण नव्हते. डोळ्यांना काळा चष्मा होता, आणि एका लहान बाटलीतलं औषध ते सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत घालत. समुद्रावरच्या उन्हानं डोळे दुखावलेत, विश्रांतीनं बरं वाटेल, असं मला सांगितलं गेलं. मी तेव्हा नववीत होते आणि मोठ्यांनी सांगितलेलं खरं धरायची मला सवय होती. पण काही गोष्टी दिसत होत्या. पडवीच्या खांबाला ते खांद्यानं धडकत. समोरचा माणूस त्यांना दिसे आणि त्याच्या शेजारी उभा असलेला दिसत नसे. एकदा ते मला म्हणाले की मला आता सगळं दुर्बिणीतून बघितल्यासारखं दिसतं, फक्त जवळ येत नाही. मी हसले, कारण मला तो विनोद वाटला.

ते दिवसभर पडवीत आरामखुर्चीत बसून राहायचे. आयेचं काम चालू असायचं. बाबांचा पगार थांबला होता, आणि घर आता त्या सुक्या मासळीवर चालत होतं, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण झापांची संख्या वाढली होती आणि खळ्यात पाय ठेवायला जागा नसे. डब्याचा आवाज कावळ्यांना सवयीचा झाला तेव्हा आयेनं दोरीला जुन्या कपड्यांच्या चिंध्या बांधल्या, वाऱ्यानं हलतील आणि कावळे बुजतील म्हणून. माझ्या जुन्या परकराची पिवळी पट्टी, तिच्या चोळीचा राणी रंगाचा तुकडा, बाबांच्या बोटीवरच्या गणवेशाचा निळा. एका सकाळी बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले आणि मला म्हणाले, "शैलू, ते पिवळं काय हलतंय?" मी सांगितलं. मग ते म्हणाले की त्याच्या पलीकडे लाल आहे का काही. होतं, राणी रंगाचं. मी विचारलं, आणि मधला निळा? ते बराच वेळ बघत राहिले. तिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून आमचा दोघांचा एक उद्योग सुरू झाला. आये मासळीच्या लिलावाला गेली की मी घरातल्या सगळ्या रंगीत चिंध्या गोळा करायची आणि खळ्यात वेगवेगळ्या जागी काठ्यांना बांधायची. बाबा खुर्चीतून सांगायचे, हा दिसतो, हा अर्धा दिसतो, हा गेला. सकाळच्या उन्हात करून बघितलं, मग दुपारच्या, मग ऊन कलल्यावर. निळा आणि जांभळा कधीच दिसले नाहीत. ते त्यांच्यासाठी मातीत मिसळून जायचे. फिका गुलाबीही गेला. शेंदरी उत्तम दिसायचा, पिवळा त्याहून उत्तम, आणि राणी रंग संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटपर्यंत टिकायचा. मला हा खेळ फार आवडला होता. चिंध्या आवरताना मी विचारलं की हे सगळं कशासाठी, तेव्हा बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात इथं फुलं लावू. मला दिसतील अशी."

आयेला ही कल्पना मुळीच पटली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. खळं उन्हाळ्यात मासळीला पुरत नाही, त्यातला तुकडा फुलांना कुठून द्यायचा. विहीर चैत्रात मचूळ होते, वैशाखात तर पाण्याची चव खाडीसारखी लागते. त्या पाण्यावर कुठलं फूल जगणार. आणि लावायचंच तर मागीलदारी मोगरा लावा, निदान घरात वास तरी येईल. ती हे सगळं बांगडे उलटवत बोलत होती, बाबांकडे न बघता. बाबा वाद घालत नसत. ते म्हणाले की मला कोपऱ्यातला एक पट्टा पुरेल, पडवीच्या पायरीपासून विहिरीपर्यंत. आये गप्प झाली. तिच्या गप्प होण्याचे दोन प्रकार होते, आणि हा होकाराचा नव्हता. शेजारच्या सुभद्राकाकी तेवढ्यात आल्या होत्या. त्या मायाळू होत्या, पण कुठल्याही बोलण्यात पडायच्या. त्या म्हणाल्या की डोळ्यांचं दुखणं असलेल्याला सुरंगीसारखं औषध नाही, उशाला वळेसर ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज एक वळेसर आणून बाबांच्या खुर्चीच्या हाताला बांधू लागल्या. बाबा त्यांना दर वेळी मनापासून बरं वाटलं म्हणायचे.

शिमगा जवळ आला होता. गावात पालखीची तयारी चालली होती, ढोल तापवल्याचे आवाज संध्याकाळी खाडीवरून येत होते. त्या गडबडीत एका सकाळी बाबा मला घेऊन रत्नागिरीला निघाले. आयेला सांगितलं की डोळ्यांचं औषध संपलंय. तेव्हा आमच्या बाजूनं थेट समुद्राकाठचा रस्ता नव्हता. एसटी निवळीवरून मोठा वळसा घ्यायची आणि घाटीच्या वळणावर सगळ्यांची पोटं ढवळायची. बाबांनी खिडकीची जागा मला दिली आणि म्हणाले, बाहेर काय काय दिसतं ते सांगत राहा. मी सांगत राहिले. काजूचा मोहोर, पळसाचं झाड, वाळलेली भातशेतं, दगडी गडग्यावर बसलेली मुलं. पळस म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कुठे, आणि मान वळवली, पण गाडी पुढे गेली होती.

शहराबाहेर एक गृहस्थ आपल्या घराच्या आवारात रोपं विकत. माडांच्या सावलीत पत्र्याच्या डब्यांतून आणि काळ्या पिशव्यांतून रोपं ओळीनं मांडलेली होती. इतकी वेगवेगळी फुलं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. बाबा वाकून, एक एक फूल अगदी डोळ्यांशी आणून बघत होते, मग दोन पावलं मागे जाऊन पुन्हा शोधत होते. सापडलं की मान हलवायचे, नाही सापडलं की पुढे. झिनिया सापडला. चिनी गुलाब सापडला, तो तर जमिनीवर कोणी गुलाल नि हळद सांडावी तसा पसरला होता. कर्दळीचा लाल सापडला, गोंडा सापडला, बोगनवेलीचा राणी रंग लांबूनसुद्धा सापडला. मी गोकर्णाच्या वेलापाशी उभी होते. त्याचं निळं फूल मला सगळ्यांत आवडलं होतं, आणि ते निवडता येणार नाही हे मला माहीत होतं. बाबांनी विचारलं की काय बघतेस. मी सांगितलं. ते म्हणाले, घे की, तुझे डोळे चांगले आहेत, आणि मालकांना त्या वेलाचं बी बांधून द्यायला सांगितलं.

मालक भले होते. बाबांची निवडायची तऱ्हा बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. ते आतून मोगऱ्याचं एक डवरलेलं रोप घेऊन आले, एक फूल खुडून बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "रागावू नका, पण तुम्ही वासाची फुलं न्या. डोळ्यांचा त्रास असला तरी ती आपल्याला सोडत नाहीत."

बाबांनी फूल हुंगलं. त्यांनी ते फेकलं नाही, शर्टाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "वास मला पुढं मिळणारच आहे. तो कुठं जात नाही. आत्ता मला रंग हवेत. वर्षा-दीड वर्षात सगळं जाईल असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थांबत नाही."

हे ते एका परक्या माणसाला सांगत होते, अगदी सहज, जसं कोणी गाडीची वेळ सांगावी. मी मागे गोकर्णाच्या बियांची पुडी धरून उभी होते. मालक पुन्हा रोपांकडे वळले. त्यांनी प्रत्येक रोप निवडून दिलं, खाऱ्या वाऱ्याला कोणतं टिकेल ते सांगितलं, आणि चिनी गुलाबाच्या काड्या तर मूठभर तशाच दिल्या; नुसत्या खोचल्या तरी जगतात म्हणाले. स्टँडवर येऊन आम्ही चहा आणि कांदाभजी घेतली. माझी भजी कागदात तशीच राहिली. बाबांना ते दिसलं नसेल, पण कळलं. ते म्हणाले, "आयेला सांगू नको. तिला वाटतंय औषधानं बरं होईल. वाटू दे." मी मान हलवली, आणि मग लक्षात येऊन तोंडानं हो म्हटलं.

घरी आल्यावर आयेनं रोपांकडे पाहिलं, औषधाची बाटली कुठे आहे ते विचारलं नाही, आणि आत जाऊन कुळथाची पिठी ढवळायला लागली. पट्टा मी खणला. खळं वर्षानुवर्षं चोपून सिमेंटसारखं झालं होतं. कुदळ आपटली की जांभ्याचे खडे उडायचे. मळ्यातली माती टोपल्यांनी आणून भरली, शेणखत घातलं. मासळीची डोकी खाली पुरली की झाडं जोमानं येतात असं बाबांनी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मी तीही पुरली, आणि वाडीतली झाडून सगळी मांजरं आमच्या वाफ्यात जमा झाली. सकाळी उठून बघावं तर वाफा उकरलेला, झिनिया उताणा पडलेला आणि कर्दळीजवळ एक बोका तोंड पुसत बसलेला. बाबा पडवीतून हसत होते. ते हसलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. डोकी काढून टाकावी लागली. मग पाण्याचा प्रश्न. विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं तसे गोंडे करपले. कर्दळीनं पानांच्या कडा जाळून घेतल्या पण तग धरला. झिनियाला मी पिण्याच्या पाण्यातलं पाणी चोरून घालायची. चिनी गुलाबाला मात्र कशाचीच पर्वा नव्हती. खारं पाणी, भट्टीसारखं ऊन, शेणाची राख, त्याच्या काड्या फुगतच राहिल्या. आजकाल हमरस्त्याच्या कडेला काचेच्या घरांतून जी नाजूक फुलझाडं विकतात, ती माझी नात हौसेनं आणते आणि आठवड्यात मरतात. मी तिला काही बोलत नाही. फक्त एका जुन्या घमेल्यात माझा चिनी गुलाब असतो.

एका दुपारी शाळेतून आले तर खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी होड्यांना बांगडा भरपूर लागला होता आणि आयेनं होता तेवढा घेतला होता. झाप पुरेनासे झाले म्हणून तिनं उरलेले माझ्या वाफ्यावर पसरले होते. झिनियाची कळ्या धरलेली रोपं झापांखाली आडवी झाली होती, आणि वर मीठ लावलेले बांगडे. बाबा आत झोपले होते. आये विळीवर बसून राहिलेले मासे साफ करत होती. मी दप्तर टाकलं आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. जे बोलायचं नाही असं कबूल केलं होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं की तुला काही माहीत नाही, बाबांना पुढच्या वर्षी दिसणारच नाही, हाच एक उन्हाळा आहे, आणि तू त्याच्यावर बांगडे पसरतेस.

आयेचा हात विळीवर थांबला. तिनं हातातला मासा पाटीत ठेवला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

ती हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशी बोलत होती. "दिवाळीपास्नं त्यांचं ताट मी एकाच जागी वाढत्ये. तांब्या उजव्या हाताला. मीठ डाव्या अंगाला. भाताच्या ह्या बाजूला मासा, काटे काढलेला. तुला काय वाटलं, उगाच?"

मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, "ते बोलत नाय, म्हणून मी बोलत नाय. त्यांना वाटतंय मला आशा हाय. त्यांच्यासाठी मी ती धरून बसल्ये." मग जरा वेळानं, वाफ्याकडे बघत म्हणाली, "फुलं लावायची म्हंजे डोळे गेले असं धरून चालायचं. मला जमत नव्हतं गो, शैले."

ती रडली नाही. तिच्या हातांना मीठ आणि रक्त लागलेलं होतं, तिला डोळे पुसताही आले नसते. तिनं उठून हात धुतले, दोनदा, राखेनं घासून. मग आम्ही दोघींनी मिळून झाप उचलले. आडवी झालेली रोपं तिनं एकेक करून सरळ केली, नारळाच्या पातीचे हीर मोडून प्रत्येकाला टेका दिला आणि पदराची दशी तोडून बांधला. मला वाटलं नव्हतं तिला असं काही येत असेल. एकही झिनिया मेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मासळी सुकवायची जागा बदलली. खाली समुद्राकाठच्या वाळूत, पुळणीवर, जिथे वाडीतल्या बाकीच्या बायका सुकवत, तिथे ती पाट्या वाहून नेऊ लागली. उतरण उन्हात तापलेली, परतताना चढ, आणि तिथे कावळ्यांबरोबर कुत्रीही. तिचं काम दुप्पट झालं. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली की खळ्यात कावळे फार झालेत, आणि वर म्हणाली की झाड लावायचंच तर नीट लावावं, विहिरीच्या कठड्याला बोगनवेल चढवा, ती तिथे चांगली दिसेल. बाबा तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. ते हुशार होते. त्यांनी कावळ्यांबद्दल पुढे काही विचारलं नाही.

चैत्र संपता संपता खळं पेटलं. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण नाही. पायरीपासून विहिरीपर्यंत झिनियाचा शेंदरी आणि पिवळा, त्याच्या पायाशी चिनी गुलाब, कडेला कर्दळीचे लाल तुरे, आणि कठड्यावरून बोगनवेल खाली ओतल्यासारखी. उन्हात बघितलं तर डोळे मिटावे लागत. चाकरमानी मे महिन्यात गावी आले, ते मुद्दाम बघायला यायचे. बाबा सकाळी चहाचा पेला घेऊन पायरीवर बसायचे आणि एका टोकापासून बघायला सुरुवात करायचे. त्यांच्या नळीएवढ्या नजरेत एका वेळी एखादं फूलच मावायचं, त्यामुळे सगळा वाफा बघून व्हायला त्यांना सकाळ लागायची. त्यांना घाई नव्हती. बोटीवर पहाऱ्याला असताना क्षितिज असंच टप्प्याटप्प्यानं बघायचं असतं, असं ते म्हणाले होते. गोकर्ण गडग्यावर चढला होता. त्याला किती फुलं आली ते मी रोज त्यांना सांगायची, आणि निळा कोणता, खाडीचा की दौतीचा, असं ते विचारायचे.

त्याच दिवसांत एकदा संध्याकाळी आये पुळणीवरून आली आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली. तिचं लुगडं जुनं, उन्हानं उडून मातकट झालेलं. बाबांनी विचारलं, "कोण आलं?" ती एवढंच म्हणाली की मी, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाफ्यातला सगळ्यांत मोठा शेंदरी झिनिया तोडला आणि अंबाड्यात खोचला. आमच्याकडे असं फूल कोणी केसांत माळत नाही. ते थाळीएवढं, ताठ, जत्रेतल्या कागदाच्या फुलासारखं दिसत होतं. ती तशीच पाणी भरायला गेली, तशीच लिलावाला गेली. सुभद्राकाकींनी तिला अडवून विचारलं की ह्याला वास कुठे आहे. आये म्हणाली, "वासासाठी नाय माळलंय." त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षीही ती रोज काहीतरी भडक माळत राहिली. तो रंग दिसत होता तोवर बाबा घरात असतील तिथून म्हणायचे, आत चाललीस का, विहिरीवर चाललीस का, आणि ती म्हणायची होय.

पुढच्या वर्षी आम्ही बी धरून ठेवलं होतं, रोपं विकत आणावी लागली नाहीत. रंग मात्र आये आणि मी निवडले. काठ्यांना चिंध्या बांधून बघण्यात आता अर्थ राहिला नव्हता. बाबा पुढे खूप वर्षं जगले. ते जाळी विणायला शिकले, बोटांनी, आणि त्यांची जाळी आंजर्ल्यापर्यंत जायची. माझ्या लग्नात त्यांनी सगळ्या पाहुण्यांना आवाजावरून ओळखलं. त्यांचं आयुष्य दुःखात गेलं असं मी म्हणणार नाही. पण मला सांगायचा आहे तो दिवस त्या दुसऱ्या उन्हाळ्यातला, वैशाखातला.

चिनी गुलाबाचं एक असतं. तो उन्हं वर आल्यावर फुलतो आणि दुपार झाली की मिटतो. मग जमिनीवर नुसते हिरवे ठिपके. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आये पुळणीवरून पाट्या घेऊन आली होती, मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवत होते. बाबा पायरीवर बसलेले. ते समोर बघत होते, वाफ्याच्या बरोबर दिशेनं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचा पेला हातात असताना असायचं तसं समाधान होतं. ते म्हणाले, "आज चिनी गुलाब काय फुललाय."

मी वाफ्याकडे पाहिलं. एकही फूल उघडं नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, एवढ्यात आयेनं माझ्या मनगटावर हात ठेवला. ओला, खारट हात. तिनं पाटी खाली ठेवली. मासळी झाकायची होती, चूल पेटवायची होती, पण ती गेली आणि बाबांच्या शेजारी पायरीवर बसली. दिवसाउजेडी नवऱ्याशेजारी अशी बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

"होय," ती म्हणाली. "आणि त्याच्या पलीकडं काय दिसतंय?"

बाबांनी मान किंचित वळवली आणि सांगायला लागले. डाव्या अंगाला पिवळा, त्याच्यामागे दोन राणी रंगाचे, एक पांढरा मध्येच, लाल तर मोजता येणार नाहीत इतके. ते सावकाश सांगत होते, काही चुकू नये म्हणून थांबत होते. आये समोर बघत होती. ते थांबले की ती विचारायची, आणि त्याच्या पलीकडं, आणि बाबा पुढचं सांगायचे.